हाती खराटा घेतलेले साने गुरुजी

साने गुरुजी म्हटले की मराठी माणसाला आधी 'श्यामची आई' आठवते. डोळ्यांत पाणी उभे करणारा लेखक, मुलांना गोष्टी सांगणारा शिक्षक, मातृहृदयी माणूस, ही त्यांची प्रतिमा पाठ्यपुस्तकांनी आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाने घराघरांत पोहोचवली. ही प्रतिमा खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. खानदेशाने पाहिलेले गुरुजी केवळ हळवे नव्हते. मुलांच्या खोल्या झाडणारे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे आणि १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात मैला वाहण्याचे काम स्वतः करणारे गुरुजी याच भूमीने पाहिले. गाव स्वच्छ राखणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ टापटिपीची बाब नव्हती. गावातली घाण कोणी काढायची, हा प्रश्न त्यांना घाणीहूनही मोठा वाटत होता आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी भाषणाआधी कृतीने दिले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे एके काळी खोताचे, मानमरातबाचे. पण वडिलांच्या काळात घर कर्जात बुडाले आणि पुढचे सारे बालपण दारिद्र्यात गेले. आई यशोदाबाई १९१७ मध्ये निवर्तल्या, तेव्हा पांडुरंग अजून शाळेतच होता. दापोली, औंध आणि पुणे अशी फरफट करीत, कधी अर्धपोटी राहून त्याने शिक्षण पूर्ण केले. आईने दिलेले संस्कार मात्र आयुष्यभर पुरले. अंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलाला मनही तसेच जपण्याची शिकवण देणारी आई त्यांनी पुढे पुस्तकात रंगवली. त्याच पुस्तकात डोक्यावरची मोळी खाली पडलेल्या महार म्हातारीला हात देण्यास मुलाला पाठवणारीही आईच आहे. स्वच्छता आणि स्पृश्यास्पृश्यता हे दोन विषय गुरुजींच्या मनात लहानपणापासूनच एकमेकांत गुंतलेले होते, असे म्हणावे लागेल. सोवळ्याची शुद्धता माणसाला माणसापासून दूर ठेवते. आईने शिकवलेली शुद्धता माणसाला माणसाजवळ नेत होती.

खानदेशाशी त्यांचा संबंध आला तो अमळनेरच्या निमित्ताने. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. बी.ए. झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी साने तेथे आले. एम.ए. झाल्यानंतर १९२४ मध्ये खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले. ग्रंथ आणि चिंतन यांपेक्षा जिवंत मुलांत त्यांचा जीव अधिक रमला. पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पांडुरंग साने यांचे साने गुरुजी झाले ते खऱ्या अर्थाने येथेच.

छात्रालयात खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहत. घरी आईच्या किंवा बहिणीच्या हातचे आयते मिळण्याची सवय असलेली ही मुले अंथरुणे तशीच टाकून, खोल्यांत कचरा ठेवून शाळेत निघून जात. गुरुजींनी त्यांच्यावर छडी उगारली नाही, दंडही केला नाही. मुले बाहेर गेली की ते स्वतः खोल्या झाडत, अंथरुणांच्या घड्या घालत, मळके कपडे धुऊन वाळत घालत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. परत आलेल्या मुलांना हे कोणी केले ते समजायला वेळ लागत नसे. आपला शिक्षक आपले काम करतो याची शरम वाटून मुले हळूहळू स्वतःच ती कामे करू लागली. छात्रालयासाठी गुरुजी रोज हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केले. तथापि त्यांच्या शिक्षणाचा खरा धडा लेखणीपेक्षा केरसुणीने दिला, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून दिसते. सांगण्यापूर्वी करून दाखवायचे, ही पद्धत त्यांनी नंतर छात्रालयाबाहेर, गावागावांत नेली.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली. खेड्यांतून प्रचार करीत असताना त्यांना अटक झाली. प्रथम धुळ्याच्या आणि नंतर दूर दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. निरनिराळ्या प्रांतांतील सत्याग्रहींच्या सहवासात तेथे त्यांना भारताच्या भाषांचे जे दर्शन घडले, त्यातून पुढे 'आंतरभारती'ची कल्पना उदयास आली. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच वेळी विनोबा भावे तेथे आले. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि गुरुजींनी ती अठराही प्रवचने लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्या नोंदींतून सिद्ध झाला. आपल्या वाट्याला आलेले कर्म निष्ठेने करणे हीच पूजा, हा त्या प्रवचनांचा गाभा गुरुजींना नवा नव्हता. छात्रालयात ते तेच करीत आले होते. आता त्याला तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगात एक विलक्षण प्रसंग घडला. कोकणातले सत्याग्रही अप्पासाहेब पटवर्धन यांनी तुरुंगातील मैला-सफाईचे काम स्वतःला द्यावे, अशी मागणी केली. अधिकाऱ्यांनी ती नाकारली, कारण तुरुंगाचे नियमही जात पाहूनच काम वाटत असत आणि ब्राह्मण कैद्याला असे काम देता येत नव्हते. अप्पासाहेबांनी उपोषण आरंभिले आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास केला. सरकार असो वा समाज, घाण काढण्याचे काम जन्मावरून ठरते हे दोघांनाही मान्यच होते, ही गोष्ट या प्रसंगाने उघडी पडली. महाराष्ट्रातल्या गांधीवादी कार्यकर्त्यांच्या एका पिढीने हातात झाडू घेतला तो या पार्श्वभूमीवर. तो हौसेने घेतलेला झाडू नव्हता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून नाव होऊ लागले असतानाच त्यांच्यापुढे एक निराळे काम आले. काँग्रेसची अधिवेशने तोवर मोठ्या शहरांत भरत. खेड्यांत राहणाऱ्या देशाची सभा खेड्यातच भरली पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी धरला. ते स्वतः १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले होते. तेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. अधिवेशनासाठी निवड झाली ती सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात असलेल्या फैजपूरची. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागलेले जिल्हे ते हेच. फैजपूर पूर्व खानदेशात होते, पण हा मान साऱ्या खानदेशाचा होता.

मान मोठा होता, तशी जबाबदारीही मोठी होती. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते तयारीचा भार वाहत होते. गुरुजी खेडोपाडी हिंडले. सभा घेतल्या, निधी जमवला, स्वयंसेवक मिळवले. शांतिनिकेतनहून आलेले चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाची नगरी सजवली. लोखंड, काच, रंगीत कापड यांचा झगमगाट टाळून बांबू, तट्टे, चटया अशा खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून त्यांनी कमानी आणि मंडप उभे केले. या नगरीला 'टिळकनगर' असे नाव देण्यात आले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूकही मोटारीतून नव्हे, तर बैल जुंपलेल्या सजवलेल्या रथातून निघाली. शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तू सुंदर असतात, त्या सुंदर रीतीने मांडता येतात, हे खानदेशी माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहिले. खेडे देखणे करण्यासाठी शहराची नक्कल करावी लागत नाही, हा त्यातला धडा होता.

परंतु नगरी सजवणे हे काम सोपे होते. अधिवेशन संपेपर्यंत ती स्वच्छ राखणे हे खरे अवघड. एका लहानशा गावात देशभरातून हजारो माणसे येणार, पंचक्रोशीतले शेतकरी बायकामुलांसह गाड्या जुंपून येणार, आणि तेथे गटारे नाहीत, संडास नाहीत. यात्रा-जत्रांच्या गर्दीपाठोपाठ पटकीची साथ येते, हा त्या काळातला नेहमीचा अनुभव होता. पाणी दूषित झाले असते, तर स्वातंत्र्याची सभा साथीची सभा ठरली असती. गांधीजींच्या आश्रमांत यासाठी एक साधी पद्धत रूढ झाली होती. लांब, उथळ चर खणायचे, प्रत्येक वापरानंतर मैल्यावर माती टाकायची, चर भरला की बुजवून टाकायचा. माशा बसत नाहीत, दुर्गंधी येत नाही आणि काही महिन्यांनी त्या मातीचे सोनखत होते. या पद्धतीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतात ते मैल्याला हात लावण्यास तयार असलेले हात. आणि नेमके तेच मिळत नसत.

शहरांत तेव्हा टोपलीचे संडास होते. टोपल्या उचलून डोक्यावरून वाहून नेण्याचे काम एका विशिष्ट जातीच्या माथी मारलेले होते. खेड्यांत मेलेली जनावरे ओढणे गावकीच्या नावाखाली महारांच्या वाट्याला येई. घाण करणारे वेगळे आणि काढणारे वेगळे, अशी ही पिढ्यान् पिढ्यांची वाटणी होती. शिवाय घाण काढतो म्हणून त्यालाच अस्वच्छ ठरवून विहिरीपासून, देवळापासून दूर ठेवायचे, हा उफराटा न्याय होता. फैजपूरला गुरुजींनी ही वाटणी आपल्यापुरती मोडून टाकली. सभांतून बोलणारा, पुस्तके लिहिणारा, एम.ए. झालेला हा ब्राह्मण शिक्षक मैला वाहण्याच्या आणि ग्रामस्वच्छतेच्या इतर कामांत उतरला. व्यासपीठ आणि चर यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी अधिवेशन झाले. शेतसारा, खंड आणि कर्ज यांविषयीचा शेतकरी कार्यक्रम तेथे संमत झाला आणि इतिहासाच्या पुस्तकांत फैजपूर नोंदले गेले ते त्यासाठी. अधिवेशनाच्या कडेला चाललेले सफाईचे काम मात्र या पुस्तकांत क्वचितच आढळते.

अधिवेशनानंतर नेते आपापल्या गावी परतले. गुरुजी खानदेशातच राहिले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. अतिवृष्टीने पिके बुडाली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांना संघटित केले. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत जाऊन त्यांच्या संघटना बांधल्या. ज्या काँग्रेसचे मंत्रिमंडळ मुंबईत सत्तेवर होते, तिच्याच कार्यकर्त्याने शेतकऱ्यांसाठी गाऱ्हाणे मांडावे, हे पक्षातल्या अनेकांना रुचले नाही. मात्र ज्याने गावाची घाण आपली मानली, त्याला गावाचे कर्ज आणि उपासमार परकी कशी वाटणार? स्वच्छ ओटा आणि सारवलेले अंगण यांच्या आत रिकामी कणगी असेल, तर त्या टापटिपीला अर्थ नाही, ही जाण त्यांच्या साऱ्या कामात होती.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले, १९४३ मध्ये पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. स्वातंत्र्य आता दृष्टिपथात आले होते. पण अस्पृश्यतेचे काय, हा प्रश्न गुरुजींना स्वस्थ बसू देईना. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना बंद होते. ते खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मंडळी त्यांच्याबरोबर होती. या दौऱ्यात अनेक गावांतल्या विहिरी आणि देवळे खुली झाली. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात त्यांनी उपोषणास प्रारंभ केला. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर ते सुटले. फैजपूरचा खराटा आणि पंढरपूरचे उपोषण यांत दहा वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे, पण लढा एकच आहे. जो हात गाव स्वच्छ करतो तो हात अपवित्र नाही, हे फैजपूरला त्यांनी स्वतःच्या हाताने दाखवले. पंढरपुरात त्यांनी तेच देवाच्या दारात उभे राहून मागितले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ त्यांना सुखाचा गेला नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होते. बाहेरचे जग ज्या गतीने बदलावे असे त्यांना वाटत होते, त्या गतीने ते बदलले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

गुरुजी या वाटेवर एकटे नव्हते. सेनापती बापट रस्ते झाडत असत. विनोबा १९४६ पासून दोनेक वर्षे पवनारहून सुरगाव या खेड्यात रोज चालत जाऊन तेथील घाण साफ करीत. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्याचे खत करणारा स्वस्त संडास घडवला. आणि गाडगे महाराज तर कीर्तनाआधी गाव झाडून काढण्यासाठीच ओळखले जात. त्यांच्या नावाने राज्य सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावागावांची स्पर्धा लागली, पारावर सडे पडले, भिंतींवर सुविचार रंगले, गोदऱ्या बुजल्या, हागणदारीमुक्ती हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार २००३ मध्ये आला आणि २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या आदिवासींनी तर गावाबरोबर आपले जंगलही राखून दाखवले. लोकांनी मनावर घेतले तर गाव पालटते, याची उदाहरणे आता कमी नाहीत.

तरीही गुरुजींनी विचारलेला प्रश्न या साऱ्या अभियानांच्या पुढे उभाच राहतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. त्यानंतरही गटारात उतरून गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या येत राहिल्या. मरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात, ज्यांच्या माथी एके काळी टोपली होती. पुरस्कारासाठी तपासणी पथक येते तेव्हा रस्ते, गटारे आणि संडास मोजले जातात. ते स्वच्छ करणारे हात कोणाचे, हे कोणी मोजत नाही. स्वच्छ गाव आणि समान गाव या दोन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात, हे गुरुजींनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी केवळ स्वच्छतेचा उपदेश केला नाही, स्वच्छतेचे काम वाटून घेतले.

अमळनेरची शाळा आजही आहे, फैजपूरला धनाजी नानांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि 'श्यामची आई' घरोघरी वाचली जाते. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. ज्याने ती लिहिली त्याला त्या अश्रूंनंतर काही करणेही अपेक्षित होते. आपण केलेला कचरा आपल्याच हाताने उचलावा आणि दुसऱ्याचा उचलावा लागला तर त्यात कमीपणा मानू नये, एवढी साधी ती अपेक्षा होती. ती पूर्ण करायला अभियान लागत नाही, पुरस्कारही लागत नाही.